काडी पक्व झाली का?

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पिंपळगाव बसवंतहून निघून कुठल्याही शिवाररस्त्याला लागा, बागा ओक्याबोक्या दिसतात. मार्चपर्यंत ज्या मांडवाखाली घड लोंबत होते, तिथे आता नुसते ओलांडे आणि खाली तोडलेल्या काड्यांचे ढीग. नवख्या पाहुण्याला वाटते, बाग मोडायला काढली. बागायतदार मात्र याच दिवसांत सगळ्यात जास्त जागरूक असतो. ही खरड छाटणी. घड दिसतील ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, पण ते धरतात आत्ता. उन्हाळ्यात फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यात पहिल्या दोन महिन्यांत पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो. तो काळ हुकला, की ऑक्टोबरात कितीही औषधे फवारा, डोळ्यात नसलेला घड बाहेर येत नाही.

म्हणून गोडी छाटणीआधी इथला शेतकरी दोन गोष्टी पाहतो. काही काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतो, आत घड आहे का ते. आणि काडी पक्व झाली का, हे हाताने पाहतो. हिरवी, लवचीक, भराभर वाढलेली काडी दिसायला देखणी असते, पण तिच्यात अन्नसाठा नसतो. तपकिरी झालेली, आतून भरलेली काडी म्हणजे पक्व काडी. घड पोसण्याची ताकद तिच्यात असते.

काडीला लागू तेच पोरांनाही. हे प्रकरण आहे हॉकीच्या मैदानावरच्या गुणी पोरांबद्दल. त्यांच्याविषयी दोन शब्द नेहमी कानावर येतात. एक, ‘पोरगं गुणी आहे, पण मेहनत नको म्हणतं.’ आणि दुसरा, ‘अजून पोरकट आहे.’ ज्यांनी हजारो मुले पाहिली आहेत असे प्रशिक्षक निवड करताना गुणवत्तेपेक्षा याच दोन गोष्टींवर जास्त अडखळतात. गुणवत्ता पाच मिनिटांत दिसते. काडी पक्व आहे का, हे कळायला एक हंगाम जातो. हा हंगाम नेमका कशाचा असतो, ते पाहू.

पावणेतीन मिनिटे

आधी एक साधे गणित. हॉकीचा सामना 60 मिनिटांचा, 15 मिनिटांचे चार भाग. मैदानावर दोन्ही बाजूंचे मिळून 22 खेळाडू आणि चेंडू एक. अगदी समसमान वाटणी केली, तरी एका खेळाडूच्या वाट्याला चेंडू पावणेतीन मिनिटांपेक्षा कमी येतो. त्यातही बराच वेळ चेंडू कुणाच्याच स्टिकवर नसतो, तो पासमधून धावत असतो किंवा मैदानाबाहेर गेलेला असतो. म्हणजे ज्या स्टिकवर्कसाठी आपण टाळ्या वाजवतो, ज्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, ते सगळे फार तर दोन मिनिटांत उरकते.

मग उरलेला वेळ खेळाडू काय करतो? खरा खेळ तिथे आहे. आघाडीच्या फळीतल्या पोराचा चेंडू हिसकावला गेला, की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, हात वर करून पंचांकडे बघायचे, मान हलवायची आणि पाच पावले चालायची. दुसरी, त्याच क्षणी मागे वळून 40 मीटर पळायचे आणि प्रतिस्पर्ध्याचा सोपा पास बंद करायचा. दुसऱ्या वाटेने गेलेल्याला टाळी मिळत नाही, गुणफलकावर त्याचे नाव येत नाही. पण गोल वाचतो.

आधुनिक हॉकीने हे काम आणखी कठीण केले. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम हिरवळ आली आणि खेळाचा वेग बदलला. भारत त्या वर्षी सातवा आला. चेंडूला गवताचा अडथळा उरला नाही, त्यामुळे मनगटाच्या जादूइतकाच फुप्फुसांचा दमही मोलाचा झाला. पुढे हवे तितके बदली खेळाडू खेळवण्याची मुभा मिळाली. आता आघाडीचा खेळाडू काही मिनिटे जीव तोडून पळतो, बाकावर येतो, श्वास घेतो, पुन्हा आत जातो. जो बाकावर येताना पाण्याची बाटली फेकतो आणि जो आत जाणाऱ्या जोडीदाराला ‘डावा बॅक दमलाय, तिकडून जा’ एवढे सांगतो, त्या दोघांचे स्टिकवर्क सारखे असले तरी संघातले वजन सारखे नसते.

मेहनतीची वृत्ती म्हणजे पहाटे पाचला उठणे एवढेच आपण समजतो. हॉकीत तिचा खरा अर्थ असा: चेंडू आपल्याकडे नसताना आपण कोण आहोत?

खडकीचा धनराज

महाराष्ट्रात हॉकी म्हटले की पहिले नाव धनराज पिल्ले. 16 जुलै 1968 ला खडकीत जन्म. वडील मैदानाची देखभाल करणारे, घर दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतले. नवी स्टिक परवडत नव्हती, म्हणून भाऊ मोडक्या स्टिका दोरीने बांधून, सांधून खेळत. मोहम्मद शाहिद हा त्याचा आदर्श. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तो मुंबईला मोठ्या भावाकडे, रमेशकडे गेला. रमेश आरसीएफकडून मुंबईची लीग खेळत होता आणि भारताकडूनही खेळून आला होता. पुढे महिंद्र अँड महिंद्रमध्ये प्रशिक्षक जोकिम कार्व्हालोंच्या हाताखाली धनराज घडला. 1989 साली भारतीय संघात आला.

त्याचा वेग पाहिलेल्या माणसाला आजही सांगता येत नाही, की तो चेंडू घेऊन पळायचा की चेंडू त्याला घेऊन. पण वेगाने माणूस 15 वर्षे टिकत नाही. धनराज टिकला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि 339 आंतरराष्ट्रीय सामने. 1989 ते 2004 या काळात भारतीय हॉकीत किती प्रशिक्षक आले आणि किती गेले, याचा हिशेब ठेवणे अवघड. धनराज मात्र होता.

तो काही शांत, समंजस खेळाडू म्हणून प्रसिद्ध नव्हता, उलट होते. तापट, रोखठोक, पराभवानंतर मैदानावरच रडणारा, हॉकी संघटनेशी उघड भांडणारा. मग त्याच्यात परिपक्वता होती, असे म्हणायचे कसे? यासाठी 1998 चे बँकॉक पाहावे. धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोक्सवर हरवून आशियाई सुवर्ण जिंकले. 1966 नंतर 32 वर्षांनी. विजेत्यांचे स्वागत व्हायला हवे होते. पण पुढच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला तेव्हा कर्णधार धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडू बाहेर. संघटनेचे म्हणणे, विश्रांती दिली. बाहेर चर्चा अशी, की खेळाडूंच्या भत्त्याबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा.

अशा वेळी तिशीतल्या, सगळे जिंकून झालेल्या खेळाडूने स्टिक भिंतीला टेकवली असती, तर कुणी दोष दिला नसता. धनराज रागावला आणि तो राग त्याने लपवलाही नाही. पण खेळणे सोडले नाही. संघात परतला. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध जिंकत आलेला सामना शेवटच्या क्षणांतल्या गोलाने 1-1 असा सुटला आणि उपांत्य फेरी हुकली. तो घाव वेगळाच. त्यानंतरही तो उभा राहिला. 2003 मध्ये क्वालालंपूरला त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला 4-2 असे हरवून पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. तेव्हा तो 35 वर्षांचा होता.

यातून एक गैरसमज दूर व्हावा. परिपक्वता म्हणजे थंड डोके, गोड बोलणे, वरिष्ठांपुढे मान तुकवणे असे आपण धरून चालतो. पुष्कळ मुलांना ‘मॅच्युअर’ हे प्रशस्तिपत्रक केवळ ती गप्प बसतात म्हणून मिळते. राग येणे ही अपक्वता नव्हे. तो राग दुसऱ्या दिवशीच्या सरावात उतरतो की सराव बुडवायला कारण होतो, हे पाहायचे.

अर्ली बाग, मागची बाग

आता जरा दूर, कॅनडात जाऊ. तिथली हॉकी बर्फावरची, आपली नव्हे. पण गुणी मुले शोधायची पद्धत सगळीकडे सारखीच. ऐंशीच्या दशकात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली एका कुमार संघाचा सामना पाहायला गेले होते. त्यांच्या पत्नीचे लक्ष कार्यक्रमपत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखांकडे गेले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जिकडे पाहावे तिकडे वर्षाच्या सुरुवातीचेच महिने. 1985 मध्ये बार्न्सलींनी यावर शोधनिबंध लिहिला. कॅनडात वयोगट 1 जानेवारीला ठरतो. जानेवारीत जन्मलेला दहा वर्षांचा मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला दहा वर्षांचा मुलगा एकाच गटात खेळतात. त्यांच्यात जवळपास वर्षाचे अंतर असते, आणि त्या वयात वर्ष म्हणजे दोन-तीन इंच उंची. निवडणारा म्हणतो, हा गुणी. खरे तर तो फक्त आधी वाढलेला असतो.

आपल्याकडे हे समजायला वेळ लागू नये. सटाणा-कळवणकडचे बागायतदार छाटणी लवकर धरतात आणि त्यांची अर्ली द्राक्षे आपल्या निफाडकडच्या द्राक्षांआधी बाजारात जातात. म्हणून कुणी म्हणत नाही की त्यांची वेल जातिवंत आणि निफाडची कमअस्सल. छाटणीची तारीख वेगळी, एवढेच. पण शाळेच्या 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या संघांची निवड करताना नेमकी हीच चूक होते. आधी वाढलेल्या मुलाला संघात जागा, चांगला प्रशिक्षक, जास्त सामने मिळतात. दोन वर्षांत तो खरोखरच पुढे जातो. मागे राहिलेला सोडून देतो.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. 2012 मध्ये गिब्ज, जार्विस आणि ड्यूफर या संशोधकांनी कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंकडे पुन्हा पाहिले. कुमार गटात जानेवारीच्या मुलांची चलती, पण अगदी वरच्या फळीत, ऑलिंपिक संघात आणि तारांकित संघात, चित्र पालटते. तिथे वर्षअखेरीस जन्मलेल्यांचे प्रमाण वाढते. अंगाने थोराड मुलांशी लहानपणापासून झुंजताना जे टिकून राहिले, त्यांना ताकदीवर भागवता आले नव्हते. त्यांना जागा ओळखणे, बर्फावरची चकती लवकर सोडणे, पडून उठणे शिकावे लागले.

थोराड मुलाचा तोटा तिथेच असतो. बारा वर्षांचा असताना त्याला सगळे फुकट मिळते. पळाला की सुटतो, मारला की गोल. मेहनतीची गरज त्याला पहिल्यांदा अठराव्या वर्षी कळते, जेव्हा समोरचे सगळे त्याच्याइतकेच उंच झालेले असतात. आणि तोवर सवयीची काडी हिरवीच राहिलेली असते.

शाबासकीचा युरिया

मेहनतीवर बोलताना ‘दहा हजार तास’ हा आकडा हमखास येतो. त्याचे मूळ 1993 च्या अँडर्स एरिक्सन यांच्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांनी लहानपणापासून एकट्याने किती रियाज केला, हे त्यांनी मोजले. सर्वोत्तम गटाचा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतचा रियाज सरासरी 7,400 तासांच्या आसपास भरला, तर शिक्षक होण्याच्या वाटेवरच्यांचा 3,400 च्या आसपास. याच अभ्यासातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: वरच्या दर्जाचे वादक झोपतही जास्त होते, दुपारची डुलकीही घेत होते. मेहनत म्हणजे रात्रंदिवस राबणे नव्हे. ठरवून, चुकीवर बोट ठेवून केलेला सराव आणि मग पुरेशी विश्रांती, अशी ती जोडी आहे.

पण तास मोजून विजेता घडत नाही, हेही पुढे सिद्ध झाले. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खेळातल्या कामगिरीतल्या फरकापैकी साधारण 18 टक्के फरक सरावाने उलगडला. अगदी वरच्या स्तरावरच्या खेळाडूंमध्ये तर जेमतेम 1 टक्का. म्हणजे सराव फुकट, असे नव्हे. त्या स्तरावर सगळेच सराव करतात, म्हणून नुसत्या तासांनी माणसे वेगळी ओळखू येत नाहीत. तो सराव कसा, कुठल्या मनाने केला आणि दुखापत, पराभव, वगळले जाणे यांतून माणूस कसा बाहेर पडला, त्यावर पुढचे ठरते.

हे मन घडते कसे? 1998 मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग केले. सोपी कोडी सुटल्यावर काहींना सांगितले, ‘तू हुशार आहेस.’ काहींना सांगितले, ‘तू कष्ट घेतलेस.’ मग सगळ्यांना कठीण कोडी दिली, ज्यात अपयश ठरलेले. त्यानंतर पुन्हा सोपी. ‘हुशार’ ठरलेल्या मुलांची कामगिरी घसरली, त्यांचा रसही गेला. ‘कष्टाळू’ ठरलेली मुले चिकटून राहिली. या विचारातून निघालेल्या पुढच्या प्रयोगांत परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा दिसला नाही, हे मान्य. पण मैदानाच्या कडेला उभे राहून पालकांची बोलणी ऐकणाऱ्याला यातले तथ्य पटते.

आमच्याकडे खरड छाटणीनंतर युरियातले नत्र आणि पाणी जास्त झाले, की वेल जोमात येते. पानांची नुसती गर्दी होते, आत ऊन पोहोचत नाही, आणि सावलीतल्या डोळ्यात घड धरत नाही. म्हणून शेतकरी सात पानांवर शेंडा खुडतो, सबकेन म्हणजे उपकाडी धरतो, गर्दी विरळ करतो. वाढणाऱ्या वेलीचा शेंडा खुडताना नवख्याचा हात थरथरतो. जुना माणूस बिनधास्त खुडतो, कारण त्याला पानांचा सौदा करायचा नसतो. पंधराव्या वर्षी पोराच्या सत्काराचे फलक चौकात लागतात, त्याच्या गोलचा व्हिडिओ गावभर फिरतो, तेव्हा मला हा युरिया आठवतो. शाबासकी हवीच, पण मापात आणि कामाला धरून. ‘आज तू तीनदा मागे पळत गेलास, ते मी पाहिलं’ हे वाक्य ‘तू तर दुसरा धनराज’ या वाक्यापेक्षा शंभर पटींनी उपयोगी.

कार्डाचा हिशेब

पोरकटपणाची किंमत बहुतेक क्षेत्रांत मोजता येत नाही. हॉकीने ती मिनिटांत बांधून दिली आहे. हिरवे कार्ड मिळाले की दोन मिनिटे बाहेर, पिवळे मिळाले की किमान पाच, लाल मिळाले की उरलेला सगळा सामना. आणि तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी. पंचांशी हुज्जत घातली, रागाने स्टिक घातली, चेंडू मुद्दाम दूर ढकलला, तर दंड एकट्याला नाही, दहा जणांच्या पायांना भरावा लागतो.

हे तरुणांकडून जास्त का घडते, याचे एक कारण मेंदूत आहे. आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत वाढत असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना खेळायला दिला. एकटे असताना किशोरांचे वागणे इतरांच्या जवळपास होते. मित्र बघत असले, की किशोरांचा धोका पत्करण्याचा कल कितीतरी वाढला. प्रौढांवर मित्रांच्या नजरेचा फरक पडला नाही. आता गच्च भरलेले स्टेडियम, बाकावरचे मित्र आणि समोरचा टोमणे मारणारा बचावपटू असे चित्र डोळ्यांपुढे आणा. एकोणीस वर्षांच्या पोराकडून तिथे पस्तिशीचे डोके मागणे म्हणजे जूनमध्ये घड मागणे.

म्हणून चांगले संघ परिपक्वतेची वाट पाहत बसत नाहीत, ती घडवतात. ताजा दाखला भारतीय पुरुष संघाचा. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 ला ऑस्ट्रेलियाने भारताचा 7-1 असा धुव्वा उडवला. दोनच दिवसांनी याच संघाने स्पेनला 3-0 हरवले आणि 5 ऑगस्टला जर्मनीविरुद्ध 1-3 अशा पिछाडीवरून 5-4 असे कांस्य जिंकले, 41 वर्षांनी. पुढे प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांच्या संघासोबत मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन आले. पॅरिस ऑलिंपिकला जाण्याआधी संघ स्वित्झर्लंडमध्ये साहसवीर माइक हॉर्न यांच्या शिबिरात राहिला.

त्याचा कस 4 ऑगस्ट 2024 ला लागला. ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी, 17 वे मिनिट, अमित रोहिदासला लाल कार्ड. पुढची जवळपास 43 मिनिटे दहा जणांनी अकरा जणांशी खेळायचे होते. त्या अवस्थेत कर्णधार हरमनप्रीतने गोल केला, ब्रिटनने बरोबरी केली, पण सामना 1-1 वर रोखला गेला आणि शूटआउटमध्ये भारत 4-2 ने जिंकला. गोलरक्षक श्रीजेशच्या बचावाचे कौतुक झाले आणि व्हायलाच हवे होते. मला मात्र त्या दिवशी आघाडीच्या पोरांचे कौतुक वाटले. ज्यांची ओळख गोल करण्याची, ते पाऊण तास आपल्याच अर्ध्या मैदानात मागे, पुढे, आडवे पळत होते. दहा माणसांत कुणालाही हात वर करून उभे राहायची सोय नव्हती.

खडकीची दुसरी वाट

पिंपळगावहून मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगावकडे निघाले, की थोड्याच वेळात चांदवड तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ हॉकी खेळत नाही, तो नौकानयनपटू. तरी या प्रकरणात त्याला जागा हवी. पाणीटंचाईचे गाव, वडील विहिरी खोदणारे, दत्तूनेही दगड फोडले. वडील गेल्यावर 2012 मध्ये तो लष्करात भरती झाला आणि त्याच खडकीला, बॉम्बे सॅपर्समध्ये आला. उंची पाहून त्याला आधी बास्केटबॉल आणि मग वल्ही मिळाली. विशी उलटलेला, पाण्याची भीती असलेला माणूस चार वर्षांत रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात 13 वा आला.

त्याहून मोठी परीक्षा 2018 च्या आशियाई स्पर्धेत झाली. एकेरीच्या अंतिम शर्यतीत त्याची तब्येत बिघडली, तो शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत तो पुन्हा नावेत बसला आणि चौघांनी सुवर्ण जिंकले. एकेरीतले अपयश त्याचे एकट्याचे होते, सुवर्ण चौघांचे. पहिले विसरून दुसऱ्यासाठी बसता येणे म्हणजे पक्व काडी.

दत्तूला ही सवय कुठून लागली? दगड फोडणाऱ्याला रोजचा हिशेब रोज दिसतो. पण गरिबी माणसाला आपोआप मेहनती करते, हा समज मात्र खोटा आणि जरा क्रूरही. गरिबीने मोडून पडलेली गुणी मुले आपल्या नजरेला येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. दत्तूच्या कष्टांना लष्कराने खुराक, प्रशिक्षक आणि पगार दिला. फलटण तालुक्यातल्या आसू गावच्या शेतकऱ्याची मुलगी वैष्णवी फाळके राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या शिस्तीत वाढली आणि 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या भारतीय संघात पोचली. मुंबईचा युवराज वाल्मीकी मरीन लाइन्सच्या एका खोलीतून आला आणि 2011 च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम फेरीत पाकिस्तानविरुद्ध शूटआउटमध्ये त्याने निर्णायक गोल केला. वेलीला मांडव लागतोच.

आणि एक वेगळा दाखला मुंबईच्याच विरेन रस्किनाचा. अथेन्स ऑलिंपिक खेळलेला, भारताचे नेतृत्व केलेला हा खेळाडू 2008 मध्ये, 27 व्या वर्षी, हॉकी सोडून हैदराबादला व्यवस्थापन शिकायला गेला. लोक हळहळले. पुढे तो गीत सेठी आणि प्रकाश पदुकोण यांनी उभारलेल्या ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टचा प्रमुख झाला आणि कितीतरी खेळाडूंच्या मागे उभा राहिला. कधी थांबायचे हे कळणे, खेळापलीकडचे आयुष्य आधीपासून बांधणे, हाही पक्वतेचाच भाग. विशीतल्या पोराला हॉकीशिवाय दुसरे काहीच येत नसेल, तर प्रत्येक पराभव त्याला जगाचा अंत वाटतो, आणि घाबरलेले मन सराव नीट करत नाही.

शेवटी, मैदानाच्या कडेला

तुमच्या घरात किंवा शाळेत एखादे गुणी पोर असेल, तर पुढच्या सामन्यात एक करा. दहा मिनिटे चेंडूकडे पाहूच नका. फक्त त्याच्याकडे पाहा. चेंडू गेल्यावर तो वळतो का. बाहेर काढल्यावर कुठे बसतो, कुणाशी बोलतो. जोडीदाराने गोल केला, तर पहिला धावत जातो का. पंचांचा निर्णय विरुद्ध गेल्यावर त्याला पुन्हा खेळात यायला किती सेकंद लागतात. आणि सामना नसलेल्या आठवड्यात, कुणी पाहत नसताना, तो मैदानावर येतो का.

उत्तरे निराशाजनक आली तर लगेच त्याला नालायक ठरवू नका. काडी एका महिन्यात पिकत नाही आणि ओरडून तर मुळीच नाही. शेंडा खुडा, मापात पाणी द्या, ऊन आत जाऊ द्या. उत्तरे चांगली आली, तर मात्र ते त्याला नावानिशी सांगा: हे, हे आणि हे मी पाहिले.

आणि हे वाचणारा तूच जर तो खेळाडू असशील, तर एवढेच लक्षात ठेव. यंदा संघात नाव आले नाही, तर तुझी खरड छाटणी चालू आहे. पुढच्या हंगामाचा घड याच दिवसांत धरतो. उद्या सकाळी मैदानावर जा.